विश्लेषण : छळाच्या नात्यातून बाहेर पडण्यासाठी तोरणमाळच्या बाईला काय काय लागते?

मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर हुंडा आणि सासरच्या छळावर राज्यभर चर्चा झाली. त्याच महिन्यात, २० मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक हिंसाचार कायद्याबाबत एक आदेश दिला. या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी जिल्ह्याबरोबर तालुका पातळीवरही नेमा, असे त्यात सर्व राज्यांना सांगितले होते. या आदेशाची चर्चा त्या मानाने कमीच झाली. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि आसपासच्या पाड्यांसाठी मात्र तो महत्त्वाचा आहे. तिथे लग्नात पैसा उलट्या दिशेने जातो, लग्न मोडते ते न्यायालयाबाहेर, आणि कार्यालय गाठायला आधी घाट उतरावा लागतो. अशा ठिकाणी मारहाणीच्या, धाकाच्या नात्यातून एखादी महिला बाहेर कशी पडते आणि त्यानंतर सावरते कशी, याचा हा आढावा.

तोरणमाळचा प्रश्न वेगळा का?

तोरणमाळ हे सातपुड्यातील सुमारे १,१५० मीटर उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण. पर्यटकांना यशवंत तलाव आणि सीताखाई माहीत असते. प्रशासनाच्या नकाशावर हे गाव अक्राणी तालुक्यात येते आणि या तालुक्याचे मुख्यालय धडगाव आहे. बाजार आणि मोठ्या दवाखान्यासाठी लोक शहाद्याकडे उतरतात. ते अंतर सुमारे ५५ किलोमीटर. भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती डोंगरउतारांवर पाड्यापाड्यांनी विखुरलेली आहे. सातपुड्याच्या दुर्गम भागात रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आजही येतात.

हिंसाचार या भागातच जास्त आहे, असे कोणी समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित महिलांपैकी २९.३ टक्के महिलांनी पतीकडून हिंसाचार सोसला आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के आहे. याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा अधिक बोलका आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसाचार झालेल्या महिलांपैकी फक्त १४ टक्के महिलांनी कोणाकडे मदत मागितली आणि ७७ टक्के महिला कोणाजवळ काही बोलल्याही नाहीत. मुंबईत पोलीस ठाणे चालत जाण्याच्या अंतरावर असूनही बाई गप्प बसते. मग ज्या पाड्यावर बोलायला फोनची रेंज नाही आणि जायला गाडी नाही, तिथे गप्प राहणे किती सोपे असेल, याचा अंदाज करता येतो.

देज म्हणजे काय आणि त्याने सुटका अडते कशी?

राज्यातील चर्चा हुंड्याभोवती फिरते. भिल्ल आणि पावरा समाजात मात्र वराकडचे लोक वधूच्या घरी ठरलेली रक्कम देतात. त्याला देज म्हणतात. मुलीचे श्रम घराबाहेर जातात, त्याचा हा मान, असा त्यामागचा विचार. या रूढीत बाईला काही मोकळीकही आहे. नवरा सोडणे आणि दुसरे घर करणे याला समाजाची मान्यता आहे. मैदानी प्रदेशातल्या अनेक जातींत विधवा किंवा टाकलेल्या बाईला जे भोगावे लागले, त्या तुलनेत ही मोकळीक लहान नव्हे.

अडचण हिशोबाच्या वेळी येते. बाई निघाली की देज परत करण्याचा प्रश्न पंचांपुढे येतो. माहेरच्यांनी ती रक्कम केव्हाच खर्च केलेली असते, कधी भावाच्या लग्नात दुसऱ्या घरी देज म्हणून दिलेली असते. मग ‘थोडे सहन कर, जा परत’ हा सल्ला मायेपोटी जितका असतो, तितकाच कर्जाच्या भीतीपोटी. ‘देज मोजून आणली आहे’ ही भाषा एकदा घरात शिरली, की मारहाण हा आपला हक्क आहे, असे नवऱ्याला वाटू लागते. हुंड्याच्या घरात कमी आणल्याबद्दल मार पडतो, इथे जास्त मोजल्याबद्दल. मार खाणारी दोन्हीकडे तीच.

मुले बापाच्या कुळाची मानली जात असल्याने त्यांना मागे ठेवून निघावे लागेल, ही धास्तीही पाय मागे ओढते.

लग्न नोंदलेलेच नसेल तर कायदा लागू होतो का?

हा प्रश्न सातपुड्यात फार महत्त्वाचा आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २(२) नुसार केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे इथली लग्ने आणि फारकती रूढीने होतात आणि अनेकदा त्यांचा कागद नसतो. लग्नाचा खर्च जमेपर्यंत जोडपे एकत्र राहते, मुले होतात आणि विधी नंतर केव्हातरी होतो, असेही अनेक घरांत घडते.

तरीही कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ यांना लागू होतो. २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात असलेला हा दिवाणी स्वरूपाचा कायदा धर्म, जात, जमात पाहत नाही. कलम २(फ) मध्ये विवाहासारख्या स्वरूपाच्या नात्याचाही समावेश आहे. एका घरात पती-पत्नीसारखे राहिल्याचे दाखवता आले, तर नोंदणीचा दाखला नसणे हा अडसर ठरू नये. रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, शाळेतील नोंदी, अंगणवाडीची नोंदवही, शेजाऱ्यांची साक्ष हे पुरावे इथे कामाला येतात.

या कायद्यात हिंसेची व्याख्याही रुंद आहे. शारीरिक आणि लैंगिक हिंसेबरोबर अपमान, धमकी, सततची टोचणी आणि आर्थिक कोंडी हेही त्यात येते. मजुरीचे पैसे काढून घेणे, घरखर्च बंद करणे, दागिने विकून टाकणे ही आर्थिक हिंसाच आहे.

न्यायालय काय आदेश देऊ शकते?

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून बराच वेळ लागतो. म्हणून कलम २३ खालील अंतरिम आदेश महत्त्वाचा. परिस्थिती गंभीर असेल तर समोरची बाजू ऐकण्याआधीही तो मिळू शकतो.

पतीने जवळ येऊ नये, त्रास देऊ नये (कलम १८), महिलेला घरातून काढू नये (कलम १९), खर्च आणि नुकसान भरून द्यावे (कलम २० आणि २२), मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे द्यावा (कलम २१) असे आदेश मिळू शकतात. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विवाहितेच्या छळाचा फौजदारी गुन्हा वेगळा. जुन्या ‘४९८ अ’ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली आहे.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी आणखी एक तरतूद उपयोगी आहे. कलम २७ नुसार महिला तात्पुरती जिथे राहते, तिथेही अर्ज करता येतो. ऊसतोडीला किंवा मजुरीसाठी गुजरातेत गेलेल्या बाईला त्यासाठी धडगावला परतायची गरज नाही. गुजरातमध्ये १८१ हीच हेल्पलाइन ‘अभयम’ नावाने चालते.

मग अडते कुठे?

संरक्षण अधिकारी या दुव्यावर. अर्ज लिहून देणे, घटनेचा अहवाल न्यायालयाला पाठवणे, दवाखान्यात आणि निवाऱ्यात पोहोचवणे, आदेश पाळला जातो का हे पाहणे, ही सगळी कामे कायद्याने या एका अधिकाऱ्यावर टाकली आहेत. ‘वुई द विमेन ऑफ इंडिया’ या संस्थेने दाखल केलेल्या याचिकेत नेमका याच पदांच्या तुटवड्याचा मुद्दा होता. न्यायालयाने महिला व बालविकास विभागातील अधिकाऱ्यांना तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमण्यासाठी सहा आठवड्यांची मुदत दिली. कायद्याची माहिती लोकांपर्यंत नेण्यासही सांगितले.

पण नेमणुकीचा कागद निघाला म्हणून अधिकारी पाड्यावर पोहोचत नाही. ज्याच्याकडे आधीच दुसरे पूर्ण काम आहे, त्याच्याच गळ्यात हे पद अडकवले तर फरक पडणार नाही. दुसरी अडचण भाषेची. इथल्या अनेक बायका घरात पावरी किंवा भिली बोलतात. अंगावर काय काय झाले, हे सांगणे आपल्या भाषेतही जड जाते. ते अनोळखी मराठीत, खुर्चीवरच्या माणसासमोर सांगायचे म्हटले की दोन वाक्यांत आटोपते आणि अर्जातही दोनच वाक्ये उरतात.

शहाद्याच्या बायकांनी १९७२ मध्ये काय केले होते?

हा कायदा येण्याच्या तीन दशके आधी याच डोंगराच्या पायथ्याशी बायकांनी आपला मार्ग काढला होता. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल शेतमजुरांनी जमीन आणि मजुरीसाठी लढा उभारला आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना आकाराला आली. मोर्चे आणि शिबिरांत येणाऱ्या बायका मजुरीबरोबर घरातल्या मारहाणीवर आणि दारूवर बोलू लागल्या. त्यांचे गट गावोगाव जाऊन दारूचे गुत्ते उद्ध्वस्त करू लागले. एखाद्या बाईला नवऱ्याने मारल्याचे कळले, की बाकीच्या जमून त्याला गाठत, चोप देत आणि गावासमोर बायकोची माफी मागायला लावत.

कायदा हातात घेण्याचे समर्थन आज कोणी करणार नाही. मात्र त्या बायकांनी जे ओळखले होते, ते आजही खरे आहे. मारहाण चार भिंतींत राहते तोवर ती चालू राहते आणि एकटीने तक्रार केली तर ती एकटीच पडते. सोबत पाच जणी असल्या, तर तक्रारीला वजन येते आणि परत घरी जावे लागले तरी तिच्यावर लक्ष ठेवणारे डोळे असतात. हा लढा सपाटीवरच्या गावांत उभा राहिला होता. वरच्या पाड्यांवर अशी सोबत कोण देणार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

निघण्याआधी कोणती तयारी करावी?

नाते सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, हे जगभरच्या अनुभवातून दिसले आहे. ताबा सुटतो आहे हे कळल्यावर हिंसा वाढू शकते. म्हणून भांडणाच्या भरात निघण्यापेक्षा ठरवून निघणे सुरक्षित. कायद्याच्या २००६ च्या नियमांतही ‘सुरक्षा योजने’चा स्वतंत्र नमुना (क्रमांक ५) आहे. संरक्षण अधिकाऱ्याने तो महिलेसोबत बसून भरायचा असतो. कोणत्या वेळी धोका जास्त, कुठे जायचे, कोणाला कळवायचे, हे त्यात आधी लिहिले जाते.

आधार, रेशन कार्ड, जातीचा दाखला, बँक पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासातल्या व्यक्तीकडे ठेवाव्यात. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून ‘कशाने लागले’ हे खरे सांगावे आणि केसपेपर जपावा. पुढे तोच पुरावा होतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेने सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र याच विचारातून आले. पोलीस ठाण्यात न जाणारी बाईसुद्धा दवाखान्यात येते, हे त्यांनी हेरले होते.

फोनबाबत जास्त सावध राहावे लागते. घरात एकच फोन असेल तर हेल्पलाइनचा क्रमांक कॉल यादीत दिसतो. त्यामुळे आशा ताई किंवा अंगणवाडी सेविकेच्या फोनवरून बोलणे बरे. आपला फोन असेल तर व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ आणि गूगल मॅप्समधील लोकेशन शेअरिंग तपासावे. दोन फोनवर एकच गूगल खाते असेल तर फोटो दुसऱ्या फोनवरही दिसू शकतात. घरात राहत असतानाच सगळे पासवर्ड एकदम बदलले तर संशय येतो. ते निघाल्यानंतर बदलावेत. बँक खात्याला नवऱ्याचा मोबाइल क्रमांक जोडलेला असेल तर पैशांचे मेसेज आणि ओटीपी त्याच्याकडे जातात. सुरक्षित जागी पोहोचल्यावर बँकेत जाऊन तो आधी बदलून घ्यावा.

बाहेर पडल्यावर लगेच बरे का वाटत नाही?

बहुतेक बातम्या सुटकेपाशी थांबतात. खरे तर सावरण्याचे काम तिथून सुरू होते. झोप न लागणे, दार वाजले की दचकणे, कामात मन न लागणे, मुलांवर विनाकारण ओरडणे हे महिनोन्‌महिने चालू शकते. त्याहून गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे त्या माणसाची आठवण येणे. मार देणारा हात कधी मायेनेही फिरलेला असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये हिंसेचे चक्र मांडले. ताण वाढतो, स्फोट होतो, मग माफी आणि गोडवा. प्रत्येक घरात ते असेच फिरते असे नाही, पण अनेक बायका परत का जातात, हे त्यातून कळते. परत गेलेल्या बाईला ‘तुलाच हौस’ म्हणून टाकून दिले, तर पुढच्या वेळी ती मदत मागायला येणार नाही.

मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे सांगितले. आधी सुरक्षितता, मग घडलेले आठवून त्याचे दुःख करणे आणि शेवटी माणसांत पुन्हा मिसळणे. क्रम महत्त्वाचा आहे. रात्री कुठे झोपायचे हेच ठरलेले नसताना समुपदेशन रुजत नाही. एकाच वेळी सगळे विसरून जा, असे सांगूनही उपयोग नसतो.

डोंगरात मानसोपचारतज्ज्ञ मिळणे कठीण. त्यावरही एक मार्ग महाराष्ट्रात तपासून पाहिला गेला आहे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील केंद्राने ‘आत्मीयता’ हा उपक्रम नाशिक जिल्ह्यातील गावांत आणि पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात राबवला. त्यात गावातल्याच स्त्री-पुरुषांना ऐकून घेण्याचे, साधे समुपदेशन करण्याचे आणि गरज पडल्यास पुढे पाठवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. पावरी बोलणारी, रोज भेटणारी अशी एखादी व्यक्ती प्रत्येक पाड्यावर असणे, ही सातपुड्यातली खरी गरज आहे.

पैसा आणि जमीन यांचे काय?

स्वतःची चूल पेटवता आली तरच सुटका टिकते. वनहक्क कायदा, २००६ चे कलम ४(४) सांगते, की विवाहिताचा वनपट्टा पती आणि पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवावा. अक्राणीसारख्या तालुक्यात वनपट्टा हीच अनेकांची मुख्य मालमत्ता. म्हणजे ज्या शेतात ती राबली, त्यावर कागदोपत्री तिचाही हक्क असतो. किती जणींनी तो कागद स्वतः पाहिला आहे, हे प्रत्येक ग्रामसभेने विचारून बघावे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत घटस्फोटित आणि परित्यक्ता महिलांचाही समावेश आहे. दरमहा १,५०० रुपयांत घर चालत नाही, पण स्वतःच्या खात्यात आलेली रक्कम निघण्याच्या दिवशी गाडीभाड्याला पुरते.

रूढीने झालेल्या फारकतीचा कागद नसेल, तर मात्र पुढे प्रत्येक योजनेच्या दारात ‘नवऱ्याचे नाव काय’ हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पंचांसमोर फारकत झालीच, तर ती तारीख, सह्या-अंगठे आणि साक्षीदारांसह लिहून घ्यावी.

शेजारी, पंच आणि ग्रामसभा काय करू शकतात?

कलम ४ नुसार हिंसा होत असल्याची किंवा होण्याची शक्यता असल्याची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकते. ती सद्‌भावनेने दिलेली असेल तर माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक, पोलीस पाटील यांना हे ठाऊक असायला हवे. दुसऱ्या बाजूला, बाई निघाली म्हणून तिच्या घराला वाळीत टाकणे हा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ नुसार गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अक्राणी पाचव्या अनुसूचीतला तालुका आहे. इथल्या ग्रामसभेला पेसा कायद्याने दारूवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार दिले आहेत. मारहाण झाली असेल तर देज परत मागितली जाणार नाही, असे पंचांनी आणि ग्रामसभेने एकत्र ठरवले, तर माहेरचे दार उघडण्यातला सर्वांत मोठा अडथळा दूर होईल. यासाठी ना नवा कायदा लागतो, ना निधी. रूढी माणसांनीच घडवली आहे आणि ती बदलण्याचा अधिकारही त्याच माणसांकडे आहे.

मदत कुठे मिळेल?

तातडीचा धोका असेल तर ११२. महिलांसाठी १८१. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील महिलेला उत्पन्नाची अट न लावता मिळतो. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, इथे मराठीतही बोलता येते. जिल्हा पातळीवरील ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन, पोलीस आणि कायद्याची मदत एका ठिकाणी मिळते. रेंज नसलेल्या पाड्यावर मात्र यातला एकही क्रमांक लागत नाही. तिथे हे क्रमांक आशा ताईच्या वहीत, शाळेच्या भिंतीवर आणि बाजाराच्या दिवशी खाली उतरणाऱ्या बायकांच्या तोंडी असावे लागतील.